आखाड्यावरचा लाल ठिपका

पत्त्यांच्या कॅटाएवढा कॉम्प्युटर किती वीज खातो, या भानगडीत शहाण्या माणसानं पडू नये. मी पडलो. आता त्या विषयाचं माझ्याकडे एवढं ज्ञान साठलंय की घरात माझ्यासमोर कुणी पंख्याचं बटणसुद्धा दाबत नाही.

जालन्यातल्या एका कॉलेजात मी कॉम्प्युटर लॅबचा सहायक आहे. शिकवणारे सर वेगळे. माझं काम मशीन चालू करून देणं, बंद पडलेली पुन्हा चालू करणं आणि माउस कुणाच्या पिशवीत जात नाहीत ना हे बघणं. कॉलनीत मात्र मला सगळेच सर म्हणतात, आणि मी आजवर कुणाची चूक दुरुस्त केलेली नाही.

आमचे दादा, म्हणजे वडील, शहागडपासून थोडं आत, गोदावरीच्या अंगाला, आखाड्यावर एकटे राहतात. आमच्याकडे शेतातल्या घराला आखाडा म्हणतात, कुस्तीशी त्याचा संबंध नाही. दोन खोल्या, पुढं पत्र्याचं छप्पर, छपरात बाज, बाजूला गोठा. आई गेल्यावर मी त्यांना जालन्याला आणलं होतं. ते गॅलरीत बसून खालून जाणाऱ्या सळयांच्या ट्रका बघत राहिले आणि म्हणाले, "ह्या ट्रका मला शहागडात बी दिसतेत." मग पिशवी उचलून परत गेले. मोबाइल घेऊन दिला, तो ते भिंतीतल्या देवळीत ठेवतात. खिशात ठेवला तर वाजतो, अशी त्यांची तक्रार आहे.

यंदा उन्हाळ्यात दादा गोठ्यात घसरून पडले. पडले दुपारी, आणि सापडले दिवेलागणीला, शेजारच्या आखाड्यावरच्या तुळजाकाकू दूध न्यायला आल्या तेव्हा. हाड मोडलं नाही, एवढंच. पण ते शेणामुतात पडून होते त्या वेळी मी लॅबमध्ये पोरांना "मशीन नीट बंद करा" असं दरडावत होतो, हे काही केल्या डोक्यातून जाईना. म्हणून मी ठरवलं, दादा मला रोज दिसले पाहिजेत.

"मंग तुळजाकाकूला रोज एक फोन करीत जा की," माझी बायको दैवशाला म्हणाली. "दादा बरे हायेत का, जेवले का, इचारायचं अन् ठेवायचं."

मी तिला समजावलं की याला तांत्रिक उपाय म्हणत नाहीत. ती म्हणाली, "न्हाई म्हणत तर न्हाई म्हणू द्या," आणि कुकर लावायला गेली.

आमच्या शेजारी साहेबराव राहतात. वीज कंपनीतून निवृत्त झालेत, त्यामुळे विजेशी संबंधित कुठल्याही गोष्टीत त्यांना न विचारता ते असतात. त्यांनी सुचवलं, "सर, बाजारात तयार कॅमेरा भेटतो. लावला की चालू." आता तयार कॅमेरा कुणीही लावतो. ज्याला लोक सर म्हणतात त्यानंही तोच लावला, तर मग म्हणायचं कशाला? मी तो छोटा कॉम्प्युटर मागवला, त्याला बोटाच्या पेरावर मावेल असा कॅमेरा जोडला, सिमकार्डाचा डोंगल जोडला, सगळं एका प्लास्टिकच्या डब्यात बसवलं आणि छपराच्या खांबाला, बाजेच्या बरोबर समोर ठोकलं. चालू केल्यावर डब्यात एक लाल ठिपका पेटला.

"हे काय हाय?" दादांनी विचारलं.

"ह्याच्यातून तुम्ही मला जालन्यात दिसता."

"अन् ही लाइट?"

"ती लागलेली आहे म्हणजे चालू आहे," मी म्हणालो. आयुष्यात काही वाक्यं माणूस विचार न करता बोलून जातो, त्यातलं हे एक.

दादांनी त्या ठिपक्याकडे बराच वेळ पाहिलं, सदऱ्याचं बटण लावलं आणि मग बाजेवर नीट बसले.

पहिला घोळ विजेचा झाला. शेतातली लाइन तिच्या पाळीनं येते आणि तिच्या मर्जीनं जाते. प्रत्येक वेळी ती गेली की कॉम्प्युटर धाडकन बंद आणि त्याच्या मेमरीचा चिवडा. मी दर रविवारी बसनं अंबडमार्गे शहागड गाठून तो चिवडा निवडत बसायचो. शेवटी छपरावर एक लहान सौर पॅनल बसवलं, जेवणाच्या डब्याएवढी बॅटरी जोडली आणि लाइनीचा नाद सोडला.

दुसरा घोळ ग्रामपंचायतीचा. गाडीवाटेनं जाणाऱ्या कुणीतरी तक्रार केली की काकासाहेबांच्या, म्हणजे दादांच्या, आखाड्यावर कॅमेरा बसवलाय. तिथल्या कारकुनानं मला बोलावून घेतलं. कॅमेरा म्हणजे सीसीटीव्ही, त्याला ठराव लागतो, म्हणाला. मी म्हटलं, हा मुळात कॉम्प्युटर आहे. त्यावर तो अधिकच गंभीर झाला. कॉम्प्युटर म्हणजे ऑफिस, आणि शेतात ऑफिस काढायचं तर जमीन बिगरशेती करून घ्यावी लागते. मी त्याला यंत्राची सगळी रचना सांगितली. त्यानं शांतपणे ऐकून घेतली आणि परवानगीच्या कारणापुढं 'पिकाची राखण' असं लिहिलं. सरकारदरबारी माझं यंत्र बुजगावणं आहे, आणि मी त्यावर सही केलेली आहे.

एवढं होऊन सुरुवातीला सगळं छान चाललं. लॅबमध्ये बसून मला दादा दिसायचे. बाजेवर बसलेले, कुत्र्याला हाकलताना, सुतळी वळताना. दिवेलागणीला ते उठून समोर यायचे आणि हात जोडायचे. आई असताना ती दिवा लावायची आणि दोघं हात जोडायचे. आता घरात दिवा लावणारं कुणी नाही, आणि अंधारात पेटलेला असा आखाड्यावर तो लाल ठिपकाच होता. मला पडद्यावर वाटायचं, दादा मलाच नमस्कार करताहेत. मी संकोचून इकडंतिकडं बघायचो.

मग भाद्रपदाचं आभाळ आलं. ऊन कमी झालं आणि बॅटरी दुपारीच मान टाकायला लागली. दादा मला सकाळपुरतेच दिसू लागले. साहेबराव म्हणाले, "मोठं पॅनल बसवा." पण मी इंटरनेटवर वाचलं होतं की पुरवठा वाढवणं हा अडाण्यांचा मार्ग असून खरा तज्ज्ञ खप कमी करतो. मी खप कमी करायला बसलो, आणि इथून पुढची सगळी जबाबदारी माझी आहे.

पहिल्यांदा टीव्ही जोडायची सोय बंद केली, तिथं टीव्ही नव्हताच. मग ब्लूटूथ बंद केलं. मग त्या कॉम्प्युटरचा वेग निम्म्यावर आणला. हे सगळं जालन्यात बसून, डोंगलवरून. प्रत्येक बदलानंतर मी साहेबरावांना गच्चीवर गाठून किती मिलिॲम्पिअर वाचले ते सांगायचो. ते म्हणायचे, "मिली म्हणजे सर, आम्ही नोकरीत कधी मोजलंच न्हाई."

तरी बॅटरी पुरेना. मी चालतं चित्र बंद करून फोटोवर आलो. तासाला एक फोटो, आणि डोंगल फक्त फोटो पाठवण्यापुरता जागा. तरी पुरेना. मग फोटोचा आकार कमी केला. पुढं आणखी कमी केला. दादा आधी अंधुक झाले, मग चौकटी-चौकटींचे झाले, आणि शेवटी मळकट पांढरं म्हणजे दादा आणि काळं म्हणजे कुत्रा, एवढ्यावर आम्ही आलो.

त्यातच एक नवी कटकट सुरू झाली. दिवेलागणीच्या फोटोत दादांच्या तोंडाच्या जागी एक पांढरी गोल वस्तू येऊ लागली. रोज. मी दैवशालाला दाखवलं. ती म्हणाली, "लाजत असतील. तोंड झाकून घेत असतील." साहेबरावांनी चष्मा वर करून पाहिलं आणि भिंगाला बुरशी आल्याचं निदान केलं. मी तो गोल पुसून टाकण्यासाठी एक छोटा प्रोग्रॅम लिहायला घेतला होता, पण वेग निम्म्यावर आणलेला असल्यामुळे तो कॉम्प्युटर त्यावरच दमून गेला.

एवढी काटकसर करून बॅटरी का संपते, हे बघायला मी एका रविवारी आखाड्यावर गेलो, तर पॅनलभर मुगाच्या शेंगा वाळत घातलेल्या. तुळजाकाकू शिडीला टेकून उभ्या होत्या.

"उतार बी हाय, काच बी तापती अन् कोंबड्या बी चढत न्हाईत," त्या कौतुकानं म्हणाल्या. "लई ब्येस जागा केली सर तुमी."

कुणीतरी माझ्या कामाचं मनापासून कौतुक करण्याचा तो पहिलाच प्रसंग होता, त्यामुळे मला त्यांना धड रागावताही आलं नाही. शेंगा उतरवल्या. पण तोवर खप कमी करण्याची खोड माझ्या अंगात पार मुरली होती. शेंगांचा प्रश्न सुटला म्हणून मी थांबलो नाही. घरीसुद्धा मी फ्रीज उघडणाऱ्याच्या मागं जाऊन उभा राहायला लागलो होतो. दैवशाला म्हणाली, "एक दिवस आम्हाला बी मेमरीतून काढून टाकताल."

त्यानंतर मी तासाचा फोटोही रद्द केला आणि अशी व्यवस्था केली की कॅमेऱ्यासमोर काही हललं तरच फोटो निघेल. फार हुशारीची गोष्ट होती. हिच्यातली खोच साहेबरावांनी दाखवून दिली. "म्हणजे सर, दादा चांगले असले तर फोटो येणार. अन् पडले, हलले न्हाईत, तर येणार न्हाई." मी म्हटलं, बरोबर. ते म्हणाले, "अन् बॅटरी संपली तरी येणार न्हाई. अन् ते झोपले तरी येणार न्हाई." मी म्हटलं, बरोबर. त्यांनी आपल्या मुलीच्या लग्नाचा विषय काढला.

आणि मग आणखी काय बंद करता येईल हे शोधत असताना मला तो लाल ठिपका आठवला. दिवसरात्र जळत होता. त्याला किती वीज लागते? लागत नाही म्हटलं तरी चालेल. पण मी अशा थराला पोचलो होतो की लागत नाही एवढीसुद्धा वीज मला सलत होती. जालन्यातून एक ओळ लिहिली आणि ठिपका विझवला. त्या संध्याकाळी मला फार समाधान वाटलं, हे लिहिताना आज अंगावर काटा येतो.

दुसऱ्या दिवशी फोटो आला तो कोंबडीचा. मग कुत्र्याचा. मग वाऱ्यानं हललेल्या धोतराचा. दिवेलागणीला काहीच नाही. तिसऱ्या दिवशीही कोंबडी. मी दादांना फोन लावला, तो देवळीत वाजत राहिला असणार. तुळजाकाकूंना लावला, तर त्या लेकीकडं घनसावंगीला गेलेल्या, उद्या येणार. म्हणाल्या, "मी निघाले तवा होते की बरे. जरा गप होते."

लॅब सोडून मी बसस्टँडवर पळालो. अंबडपर्यंत उभा, पुढं शहागडपर्यंत एका टेम्पोत, चाऱ्याच्या भाऱ्यावर बसून. सगळ्या रस्त्यानं माझ्या डोळ्यांपुढं तो गोठा होता. मी हरलो होतो. पुरती खात्री झाली होती मला. ज्या यंत्रानं दादा पडले तर कळावं म्हणून मी एवढा उपद्व्याप केला, त्याच यंत्रानं मला दोन दिवस कोंबडी दाखवली होती.

आखाड्यावर पोचलो तर छपरात बाज नव्हती. गोठ्यात पाहिलं, नव्हते. आत पाहिलं, नव्हते. मी हाक मारली.

"मागं हाय," दादांचा आवाज आला.

घराच्या मागं, मोसंबीच्या झाडाकडं तोंड करून, बाजेवर दादा बसले होते. दाढी वाढलेली. चेहरा उतरलेला. मी बाजेच्या कडेला बसलो.

"इथं काय करून राह्यलात?" मी विचारलं.

"बसलो."

"पुढं कामून न्हाई बसत?"

"पुढं काय हाय आता," दादा म्हणाले. मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "तू बंद करून टाकलं ना. लाल लाइट गेली. म्हणलं, कटाळला असंल. पोराला बी त्याची कामं असतेत."

मी त्यांना समजावून सांगितलं. कॅमेरा चालूच होता, फक्त वीज वाचावी म्हणून ठिपका विझवला, त्याचा कॅमेऱ्याशी काही संबंध नाही. दादांनी मान वळवली.

"म्हंजी लाइट बंद करून बी तू बघून राह्यलता?"

"हो."

"हे बरं न्हाई, भारत. माणूस बघून राह्यला तर समोरच्याला कळलं पाह्यजे."

तेवढ्यात घनसावंगीहून एक दिवस आधीच परतलेल्या तुळजाकाकू आल्या. माझ्या फोनमुळं त्यांनाही चैन पडली नव्हती. हातात फडक्याखाली झाकलेलं ताट होतं. दादांनी ते बाजूला ठेवायला सांगितलं.

"हे बघा," काकू मला म्हणाल्या. "मी गावाला जायच्या आदीपासनं असंच चालू हाय. जेवणाचा मेळच न्हाई. पयले कसं, जेवण झालं की ताट उचलून त्या डब्बीसमोर धरायचे. सगळं खाल्लं म्हणून दाखवायचे तुमाला. गोळ्यांचं पाकीट बी धरायचे. आता म्हणलं जेवा, तर म्हणतेत, कोणाला दाखवायचं."

तो पांढरा गोल ताट होतं. मी त्याच्यावर बुरशीचं निदान करून घेतलं होतं. मला काकूंसमोर रडू आलं आणि मी ते लपवलंही नाही.

मी उठून पुढं गेलो, खिशातला पेचकस काढला आणि डबा उघडला. ठिपका चालू करायला खरं म्हणजे डबा उघडायची गरजच नव्हती. ते काम मोबाइलवरून होतं. पण माझे हात थांबायला तयार नव्हते. लॅबमध्ये मी पोरांना रोज सांगतो, घाईत उघडू नका. कॅमेऱ्यापासून कॉम्प्युटरला जाणारी एक कागदासारखी पातळ पट्टी असते. ती झाकणाला चिकटली होती. झाकण ओढलं तशी ती टरकन फाटली.

मी फाटलेली पट्टी तशीच आत दुमडली, झाकण लावलं आणि मोबाइलवरून ठिपका चालू केला. लाल लागला.

दादा मागून बाज ओढत घेऊन आले. पूर्वीच्याच जागी टेकवली. ठिपक्याकडं पाहिलं, सदऱ्याचं बटण लावलं. मग काकूंचं ताट मांडीवर घेऊन जेवायला लागले. भाकरी, मुगाचं वरण, ठेचा. बरेच भुकेले असावेत, मान वर न करता जेवले. ताट बोटानं निपटून घेतलं, उठले आणि डब्यासमोर दोन्ही हातांनी उभं धरलं.

"दादा, मी इथंच उभा आहे," मी म्हणालो.

"तू आता हायस. उद्या न्हाईस." त्यांनी ताट जरासं खाली घेतलं. "बराबर दिसून राह्यलं का?"

तुळजाकाकू माझ्याकडं बघत होत्या. पट्टी फाटलेली त्यांनी पाहिली होती की नाही, मला माहीत नाही.

"दिसतंय," मी म्हणालो.

"समदं?"

"समदं."

दादांनी ताट काकूंच्या हाती दिलं. मी म्हणालो, "आज इथंच राहतो."

"कशाला?" दादा म्हणाले. त्यांना खरोखरच आश्चर्य वाटलं होतं. "दिसून राह्यलं ना तुला. मंग जा. अंबडची गाडी निघून जाईन."

माझ्याकडं राहायला दुसरं कारण नव्हतं. जे होतं ते मीच आत्ता खोटं बोलून घालवलं होतं. मी गाडीवाटेनं निघालो. वळणावरून मागं पाहिलं तर छपरात अंधार होता आणि त्यात तो ठिपका. दादांनी हात जोडले होते.

नवीन पट्टी मागवली आहे. जालन्यात मिळत नाही, दुकानदार पुण्याहून येईल म्हणतो, आणि मी रोज त्याच्या दुकानावरून चक्कर मारतो. मोठं पॅनलही घेऊन ठेवलंय, ते साहेबरावांच्या पसंतीचं आहे. तुळजाकाकूंना सकाळी एक फोन करतो, दैवशालानं सांगितलेला. दादांचं बरं चाललंय, म्हणतात. दाढी केली.

मध्यंतरी साहेबरावांनी गच्चीवर विचारलं, "सर, आता किती खातं तुमचं मशीन?"

"जवळपास काहीच नाही," मी म्हणालो. कॅमेरा नाही, फोटो नाही, डोंगल जागा होत नाही. एक ठिपका जळतो. भरल्या आभाळातसुद्धा बॅटरी उतरत नाही.

"मंग जमलं म्हणायचं," ते म्हणाले.

दिवेलागणीला मी घरातला कॉम्प्युटर लावून बसतो. पडद्यावर दादांची चौकट असते, पूर्ण काळी. थोडा वेळ थांबतो. मग एका अंदाजानं मान हलवतो.

"कुणाला मान हालवून राह्यले?" दैवशाला स्वयंपाकघरातून विचारते.

"दादा जेवले," मी सांगतो.